बेटावरची पहिली काहील

…तर बोटीनं भोंगा दिला आणि उकंडरावानं माझं मनगट जे धरलं, ते किनारा दिसेनासा झाला तरी सोडलं नाही. काल मी इथंच थांबलो होतो, जेवायची हाक आली म्हणून. बोटीतली निम्मी माणसं ओकत होती, त्यात आमची मंजुळाबाई पहिली. पिशवी तोंडाशी धरून बसलेली, आणि तरी दर घडीला मान वर करून नवऱ्याला काहीतरी सांगायची. मी कान दिला. म्हणत होती, "इहिरीवरची जुनी मोटर भिजल्यावर कशी लागती, तसा वास हाय. वरून थोडी मासळी. आता डिझेल आलं." उकंडराव मान हलवत होता. मला वाटलं, म्हातारपणी दोघांना चाळे सुचून राहिले. समुद्राचा वास काय सांगायचा असतो? त्याला काय नाक नाही?

नव्हतंच. म्हणजे तोंडावर होतं, चांगलं तरतरीत होतं, पण त्याला वास येत नव्हता. करोनात गेला तो परतलाच नाही. ही गोष्ट साऱ्या जगात दोनच माणसांना ठाऊक होती, एक उकंडराव आणि दुसरी मंजुळाबाई. आणि आम्ही एवढा समुद्र ओलांडून निघालो होतो ते त्याच नाकाच्या भरवशावर. मला हे पुढं कळलं. तुम्हाला आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तिथं हळद शिजवायच्या काहिलीपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या मनात काय चाललं होतं ते तुम्हाला समजेल. मला तेव्हा समजलं नाही, याचं अजून वाईट वाटतं.

उकंडराव आमच्याच गावचा. सिद्धेश्वरच्या कालव्याखाली आमची दोघांची शेतं बांधाला बांध लावून. माझ्याहून दोन वर्षांनी थोरला. त्याच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून हा जन्मल्याबरोबर आईनं ह्याला उकिरड्यावर नेऊन ठेवला, घडीभर लोळवला, आणि मग कोणाचं तरी टाकलेलं पोर उचलावं तसा उचलून घरात आणला. नकोशा वस्तूकडं मरण बघत नाही, अशी त्या काळची समजूत. नाव पडलं उकंडा. पुढं त्याला 'राव' लागलं ते हळदीमुळं.

शाळेत आम्ही चौथीपर्यंत एका तरटावर. गुरुजी डबा खुंटीला अडकवायचे आणि हा मागच्या रांगेत बसल्याबसल्या मला सांगायचा, "आज मेथी हाय. तेल कमी हाय. गुरुजी बाईसंग भांडून आलेत." दुपारी डबा उघडला की मेथीच निघायची. भांडणाचंही खरं असायचं, कारण त्या दिवशी आम्हाला मार जास्त बसायचा.

आता हळदीचं सांगतो. हळद खणली की तशीच वाळवून चालत नाही, आधी पाण्यात शिजवावी लागते. कमी शिजली तर दिसायला चांगली दिसते, पण वर्षाच्या आत भुंगा लागतो आणि आतून भुसा करतो. जास्त शिजली तर रंग मरतो. बराबर शिजल्याची खूण म्हणजे वाफेचा वास. आधी येतो तो उग्र, मातकट, डोळ्यांना झोंबणारा. मग एक वेळ अशी येते, पाचसात मिनिटांची, की तो वास वळतो. कसा वळतो ते मला विचारू नका, उभ्या जन्मात मला तो कळला नाही. उकंडरावाला बांधावरून कळायचा. तुरीची काडी हळकुंडात खुपसून बघायचा तो, पण ते लोकांच्या समाधानासाठी. म्हणायचा, "काडी नुसती साक्षीला. निवाडा नाक करतंय." चाळीस वर्षं माघ ते चैत्र ह्याला घरी जेवायला फुरसत नसायची. आज ह्या गावी, उद्या त्या गावी. मोठ्या लोखंडी काहिली जाऊन ट्रॅक्टरमागचे वाफेचे कुकर आले, तरी झाकण कधी उघडायचं हे विचारायला माणसं ह्यालाच न्यायची.

दोन हजार एकवीसच्या चैत्रात तो आणि धाकटा भाऊ हरिचंद एकाच दिवशी हिंगोलीला दवाखान्यात भरती झाले. सतरा दिवसांनी उकंडराव एकटा आला. हरिचंदाचं तोंड आम्हाला कोणाला शेवटचं बघायलासुद्धा मिळालं नाही. घरी आल्यावर चारेक दिवसांनी मंजुळाबाईनं चुलीवर दूध ठेवलं आणि ती मागल्या दारी गेली. दूध उतू गेलं, करपलं, घरभर धूर झाला. ती धावत आली तर उकंडराव चुलीपासून चार हातांवर पाठमोरा बसलेला. हलला नव्हता. तिनं पातेलं उतरवलं आणि त्याच्यासमोर जाऊन बसली. म्हणाली, डॉक्टरला दाखवू. हा म्हणाला, "हरी गेला. आन् मी नाकाचं गाऱ्हाणं घेऊन लोकायच्या दारी जाऊ? गप राहा. येईल."

आला नाही. हळदीचा हंगाम मात्र आला.

त्या सालापासून मंजुळाबाई त्याच्यासोबत जायला लागली. कारण सांगायला म्हाताऱ्याच्या गोळ्या, चहा, भाकर. शिजायला लागलं की ती वाऱ्याच्या अंगाला चूल मांडून बसायची आणि वास वळला की विचारायची, "चहा टाकू का?" तेवढं ऐकलं की उकंडराव तुरीची काडी खुपसायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "काढा." तीन हंगाम असे गेले. एक गोणी कोणाची बिघडली नाही. लोक हसायचे. पलीकडच्या आळीतला शिवहार, त्याच्या सहा एकरांची हळद हाच शिजवायचा, तो तर भर खळ्यात म्हणायचा, "आजा, लगीन होऊन पन्नास वर्सं झाली, आतातरी म्हातारीला घरी ठिवत जा. का अजून करमत न्हाई?" उकंडराव हसून घ्यायचा. ती टवाळी त्याला सोयीची होती.

आता आमची प्रियंका. माझी नात, परभणीला शेतीचं शिकली आणि एका संस्थेत लागली. त्या लोकांनी तिला कुठं धाडावं, तर अंदमानातल्या एका लहानग्या बेटावर. तिथं सगळी बंगाली माणसं. फाळणीनंतर त्यांच्या बापजाद्यांना सरकारनं जहाजात घालून तिथं नेऊन वसवलं. नारळाखाली रिकामी सावली, म्हणून बावीस घरांनी हळद लावली. पहिल्या साली आपल्या अकलेनं शिजवली आणि पावसाळ्यात गोणी उचलली तर बुडातून पिठासारखी गळाली. भुंग्यानं सगळी खाल्ली. यंदा दुसरं साल होतं. हीसुद्धा गेली तर उपटून टाकू, असं त्यांनी प्रियंकाला तोंडावर सांगितलेलं. तिनं मला फोन केला, "आबा, उकंड आजोबांना घेऊन या ना. आठ दिवस. शिकवून जातील."

मी तर हरखून गेलो. चप्पल न घालता उकंडरावाकडं गेलो. तो पहिल्यांदा म्हणाला, "जमत न्हाई." मी गळ घातली. मग बायकोकडं बघत म्हणाला, "मंजुळा येत असंल तर येतो." प्रियंकानं दोघांचीही तिकिटं काढायला लावली. शिवहारनं ओट्यावर बसून साऱ्या गावाला सांगितलं की आजा आता समुद्रावर हनिमूनला चालला.

विमानतळावर त्या वर्दीवाल्या पोरीनं उकंडरावाच्या पिशवीतून तुरीच्या काड्यांची जुडी काढली. "ये क्या है?" हा म्हणाला, "काडी." "किस काम की?" हा म्हणाला, "हळद को पूछने की, तू शिजी क्या." तिनं जुडी उलटसुलट बघितली, आपल्या साहेबाला दाखवली, साहेब हसला आणि जुडी परत पिशवीत गेली. मी हे गावात दहा वेळा सांगितलंय आणि अजून सांगतो.

बेट म्हणाल तर आपल्या औंढ्याच्या शिवाराएवढंही नाही. एक रस्ता, एक बाजार, बाकी नारळ-सुपारी आणि त्यात लपलेली पत्र्याची घरं. पाणी असं निळं की बघणाऱ्यालाच लाजल्यासारखं व्हावं. आणि शांतता. हॉर्न नाही, डीजे नाही, कोणी कोणाला लांबून हाकसुद्धा मारत नाही. नारळाची झावळी गळून पडली तर अख्ख्या वाडीला कळावं. मी एवढा बोलका माणूस, पण तिथं दोन दिवस माझाच आवाज मला मोठा वाटायला लागला. बावीस घरांचा म्होरक्या निताई मंडल नावाचा साठीचा माणूस. लुंगी, उघडं अंग, हाताला चिखल. त्यानं वाकून उकंडरावाच्या पायाला हात लावला. उकंडराव मागं सरकला.

मंजुळाबाईची बोट मात्र थांबली नव्हती. जमिनीवर आली तरी तिला सगळं हलून राहिलं होतं. प्रियंकाच्या खोलीत ती भिंतीकडं तोंड करून पडली. पाण्याचा घोट पोटात ठरेना. तिसऱ्या दिवशी शिजवायचं ठरलेलं. सकाळी उकंडराव म्हणाला, "एक दिस पुढं ढकलू."

प्रियंका म्हणाली, "आजोबा, सगळ्यांनी रात्रीच हळद धुऊन आणून ठेवलीय. माणसं कामं सोडून आलीत. आजींना झोपू द्या ना, त्यांचं तिथं काय काम?"

उकंडरावानं माझ्याकडं बघितलं. मी काय केलं असेल? मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "चल उकंडा, दाखव ह्यांना हिंगोलीचं पाणी."

गेला बिचारा.

नारळाच्या झावळ्या आणि करवंट्यांचा जाळ केला होता. काहील म्हणजे उभं कापलेलं लोखंडी पिंप. भोवती पन्नाससाठ माणसं, बायका पुढं, आणि सगळे गप्प. देवळात आरतीआधी असतात तसे. वाफ निघायला लागली. उकंडरावानं काडी खुपसली, काढली, परत खुपसली. सातआठ वेळा. मी त्याला दोनपेक्षा जास्त वेळा काडी घालताना कधी पाहिला नव्हता. मग त्यानं मला विचारलं, "ग्यानबा, किती वाजले?" आणि थोड्या वेळानं परत, "किती झाले?" काहिलीपाशी ह्यानं चाळीस वर्षांत घड्याळ विचारलं नव्हतं. मला ते खटकायला पाहिजे होतं. मी आपला मोठ्या रुबाबात सांगितलं, "चाळीस मिनिटं." तो आणखी जरा थांबला. कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाला, "काढा."

बायकांनी जिभेनं उलूउलू असा आवाज केला, त्यांच्यात शुभकार्याला करतात तो. पिवळीधमक हळद पाट्यांनी बाहेर निघाली, ताडपत्रीवर पसरली. मी शहाळं प्यायला गेलो. एक प्यालो, मग लोकांना उकंडरावाच्या गोष्टी सांगत बसलो आणि आणखी दोन प्यालो.

चार वाजता मंजुळाबाई प्रियंकाच्या खांद्याला धरून आली. तोंड सुकलेलं, पदर सावरायचंही बळ नाही. ताडपत्रीपाशी खाली बसली. एक हळकुंड उचललं, मोडलं, नाकाशी नेलं. दुसरं उचललं. मग उकंडरावाकडं बघून हलक्या आवाजात म्हणाली, "कच्ची हाय."

प्रियंकानं चाकू मागवून दोनचार कापली. मधला गाभा फिक्कट, पिठूळ. तिचाही चेहरा उतरला. पण पोरगी हुशार. ती उकंडरावाजवळ जाऊन हळू म्हणाली, "आजोबा, झावळ्यांचा जाळ भडकतो आणि लगेच बसतो. तुम्हाला ह्या जाळाची सवय नाही. मी लोकांना तसं सांगते, उद्या परत उकळू. तुमच्यावर काही येणार नाही."

"व्हय व्हय," मंजुळाबाई म्हणाली, "जाळाचाच दोष हाय. मी बघितला न्हाई का, कसा फडफडून राहिला होता."

तिनं जाळ बघितला नव्हता. ती तेव्हा खोलीत पडलेली होती. मी बोलणार होतो, पण तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी गप्प बसलो.

 उकंडरावानं निताईला हात केला, बाकीच्यांनाही बोलवा म्हणाला. सगळे जमले. त्यानं टोपी काढली. मी बसलो होतो तो उठून उभा राहिलो, कारण टोपी काढलेला उकंडराव मी एकदाच बघितला होता, हरिचंदाची बातमी घेऊन आला तेव्हा.

"भाई," तो आपल्या हिंगोलीच्या हिंदीत म्हणाला, "जाळ का कसूर नहीं. मेरे नाक को वास नहीं आता. तीन बरस हो गये. हमारे गाव में हळद ये शिजाती है, नाव मेरा चलता है. आज ये बिमार थी, तो मैं घडी देख के बोल दिया. ये माल कच्चा है. फिर से डालना पडेगा."

  निताई म्हणाला, "दादा, तो सुबह क्यों नहीं बोला?"

"शरम," उकंडराव म्हणाला.

निताईनं मान खाली घातली. मागं कोणीतरी बंगालीत काही बोललं, त्यावर एक बाई फणकारून उठून गेली. त्यांचं काय चुकलं? एक साल आधीच पाण्यात गेलेलं.

मंजुळाबाई संतापली होती. तोंड फिरवून मराठीत म्हणाली, म्हणजे त्यांना कळू नये म्हणून, "तीन वर्सं तुमची अब्रू पदरात बांधून हिंडले. पोरायला कळू दिलं न्हाई, सुनायला न्हाई. लोकं म्हातारचळ म्हणले ते बी ऐकून घेतलं. ते काय इथं परक्यात आणून सांडायला व्हय?"

उकंडरावानं तिच्यापुढं तुरीची काडी धरली. "धर."

"मी न्हाई धरत."

"मंजुळा, माणसं खोळंबलीत."

तिनं काडी घेतली आणि बाजूला टाकून दिली. "हे सोंग मला नको," म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतः काहिलीपाशी जाऊन उभी राहिली. अजून चक्कर येत होती म्हणून प्रियंकानं स्टूल दिलं, त्यावर बसली नाही. निताईच्या सुनेला तिनं हाताला धरून वाफेत ओढलं, मग आणखी चौघींना. वास उग्र होता तोवर दर घडीला नाक मुरडून "न्हाई" म्हणायची. आणि मग एकदा तिनं त्या सुनेचं मनगट दाबलं. "आता. हा घे." सून थबकली, डोळे मोठे झाले. मलाही वाटलं आपल्याला वळल्यासारखा आला, पण नसेल आला. उकंडराव वीस पावलांवर झावळ्या मोडून जाळाला देत होता. त्यानं वर बघितलं नाही.

चार दिवसांत सात काहिली झाल्या. शेवटच्या तीन निताईच्या सुनेनं काढल्या, मंजुळाबाई नुसती उभी. पहिल्या काहिलीचा माल दुबार शिजला, त्याला रंग थोडा कमी आला, पण भुंगा लागणार नाही असं मंजुळाबाईनं सांगितलं. आणि लागलाही नाही. पावसाळा उलटल्यावर प्रियंकानं गोणी उघडून फोटो धाडला.

पण आम्ही परतायच्या आधीच उकंडरावाच्या त्या कबुलीचा व्हिडिओ गावात पोचला होता. कोणी काढला आणि कोणी धाडला, त्यात शिरत नाही. ओट्यावर शिवहार उभाच होता. ह्या खेपेला टवाळी नव्हती त्याच्या तोंडी. "आजा, तीन वर्सं आमाला येड्यात काढलं का तुमी?" म्हणाला. मी म्हणालो, "तुझी एक गोणी तरी बिघडली का रे?" तो म्हणाला, "ते न्हाई. पण सांगायला पायजे होतं." आणि खरं सांगू का, त्याचंही खोटं नव्हतं.

पुढच्या हंगामात बोलावणी कमी आली. काहींनी कुकरला काटा बसवून घेतला, तापमान दाखवणारा. पाचसहा घरांनी मंजुळाबाईला बोलावलं, तिला एकटीला. उकंडराव तिच्या मागून जातो, जाळ सारतो, पाणी भरतो आणि लांब लिंबाखाली जाऊन बसतो. नव्या पोरांच्या तोंडी तो आता नुसता उकंडा झालाय. तो त्या हाकेलाही ओ देतो. मला मात्र लागतं.

मागच्या आठवड्यात आम्ही दोघं बांधावर बसलो होतो. कालव्याला पाणी सुटलेलं. मनात वर्षभर होतं ते मी विचारलं. म्हटलं, "उकंडा, तिथं तुला कोण वळखत होतं? पोरीनं कारण हातात आणून दिलं होतं, बायको हो म्हणून राहिली होती. हळद तर दुसऱ्या दिवशी शिजणारच होती. जाळावर ढकललं असतं तर गावात आज तुझं नाव होतं तसं राहिलं असतं. काहून सांगितलंस?"

तो कालव्याकडं बघत होता. त्यानं जे उत्तर दिलं ते मी घरी येऊन नातवाच्या वहीत उतरवून ठेवलं. शब्द त्याचेच आहेत.

"ग्यानबा, गावात लपवलं त्यात माझी एकट्याची लाज होती. मंजुळा होती, हळद बराबर शिजत होती. पण तिथं तू शहाळं पिऊन राहिला होता ना, तव्हा त्या निताईनं ताडपत्रीवरलं एक हळकुंड उचललं, मोडलं, डोळे मिटून नाकाला लावलं. मंग सुनंच्या नाकाला लावलं, मंग बाकीच्या बायायच्या. एकेकीला म्हणला, नीट ध्यानात ठिवा. आन् मला इचारलं, दादा, यही वास है ना? मी व्हय म्हणलो. माझं नाक करोनानं मारलं, त्याला माझा विलाज न्हाई. पण त्या बावीस घरायची नाकं मी मारून राहिलो होतो, माझ्या तोंडानं."